बर्फनानांची कुल्फी

बर्फनाना समोर येईल त्या वस्तूचा बर्फ करून ठेवत. चिरलेली कोथिंबीर, चिंचेचा कोळ, उरलेलं ताक, एकदा तर पुतणीच्या लग्नातलं वरण. काहीही त्यांच्या हाती लागलं की ते शीतकरण केंद्रातल्या फ्रीजच्या वरच्या कप्प्यात जाऊन दगड होई. "गोठलं ते टिकलं, म्याडम," असं म्हणून ते कप्प्याचं दार हलक्या हातानं लावत आणि नीट लागलंय ना हे दोनदा बघत.

पाटोद्याच्या अलीकडे, हमरस्त्याला लागून, आमच्या सहकारी दूध संघाचं ते केंद्र होतं. आसपासच्या गावांतल्या सोसायट्यांचं दूध कॅनमधून तिथं यायचं. मी त्याचं फॅट तपासायचे आणि नाना ते मशीनवर थंड करायचे. ती माझी पहिली नोकरी. मी धारूरची, बी.एस्सी. झालेली, आणि त्या पदवीचा मला तेव्हा फार तोरा होता. तो फ्रीज खरं तर माझ्या तपासणीच्या खोलीतला, दुधाच्या नमुन्यांसाठी दिलेला. पण नाना माझ्या कितीतरी वर्षं आधी तिथं आले होते, त्यामुळे वरचा कप्पा त्यांचा आणि खालचा माझा, ही वाटणी मी रुजू होण्यापूर्वीच झालेली होती.

उमेदीच्या काळात नानांनी जत्रांतून कुल्फी विकली होती. त्या धंद्यातले ॲल्युमिनियमचे निमुळते साचे त्यांनी अजून जपून ठेवले होते. त्या दुष्काळी वर्षातल्या मे महिन्यात एका दुपारी मी उन्हानं पार कावून गेले होते. कप्पा उघडला तर आत साच्यांची रांग. एकाचं झाकण काढलं, बर्फात बारीक काळे ठिपके दिसले. वेलदोडा असणार, मी म्हटलं. कुणाला न विचारता साचा तळव्यात फिरवला, कुल्फी बाहेर काढली आणि चांगला घास घेतला. गोडाचा पत्ता नाही. साठवलेल्या शिळ्या पाण्याची चव. थुंकून पाहिलं तर वेलदोड्याला शेपट्या होत्या.

नाना दारातच उभे होते. मला वाटलं, माणूस आता शरमेल, माफी मागेल. ते म्हणाले, "म्याडम, संध्याकाळचा चारा खाल्ला की तुमी त्यांचा!"

त्यांचा म्हणजे माशांचा. केंद्राच्या ऑफिसात, चेअरमनसाहेबांच्या खुर्चीमागे, काचेची एक मोठी टाकी होती. ती आमची नव्हती. तालुक्यात एक विस्तार अधिकारी होते, त्यांची बदली विदर्भाच्या पार टोकाला झाली. सामानाच्या ट्रकमधून काचेची टाकी आणि जिवंत मासे नेणार कसे? म्हणून ती त्यांनी आमच्याकडे ठेवली. टाकी साहेबांची, पण मासे त्यांच्या मुलीचे. मिनू चौथीत होती. चपटे, पट्ट्यापट्ट्यांचे, लांब पंखांचे पाच एंजल मासे. त्यांची नावं तिनं सोमवार, मंगळवार, बुधवार, गुरुवार आणि शुक्रवार अशी ठेवली होती. शनिवारी शाळा अर्धीच असते म्हणून त्याच्या वाट्याला मासा नव्हता.

जायच्या दिवशी ती कुणाशीच बोलेना. शेवटी नानांसमोर उभी राहून म्हणाली, "दिवाळीच्या सुट्टीत न्यायला येईन. तेव्हा पाचही पाहिजेत." नानांनी हात पुढे केला आणि तिनं त्यावर टाळी दिली. साहेब हसले, मीही हसले. नाना हसले नाहीत. ते धनगराच्या घरचे, लिंबागणेशच्या बाजूचे. त्यांच्या वडिलांनी जन्मभर दुसऱ्यांची मेंढरं राखली होती. राखायला घेतलेलं जनावर म्हणजे काय असतं, हे त्यांना वेगळं सांगावं लागत नव्हतं.

महिन्याभरातच मासे खायचे थांबले. साहेबांनी ठेवलेल्या डब्यातलं कोरडं खाद्य ओल लागून कुबट झालं होतं. मासे दाणा तोंडात घेत आणि थुंकून टाकत. बीडला एका दुकानात ते खाद्य मिळायचं. नाना सुट्टी काढून गेले आणि रिकाम्या हातानं परत आले. "दुकानवाल्यानं मासे काढून टाकलेत, म्याडम. प्लॅस्टिकच्या पाण्याच्या टाक्या इकायलाय. म्हणतो, सध्या हेच चालतंय." मी म्हटलं, खातील हो भूक लागली की. नाना काचेला नाक लावून बसले होते. "बुधवार अंग चोरायलाय. बकरीनं पाला सोडला की मी लांबून वळखतो, मग ह्यांचं का न्हाई वळखणार? मासे उपाशी मरायलेत."

त्या वर्षी केंद्राशेजारच्या गावात टँकर आठ दिवसांनी यायचा. त्यामुळे प्रत्येक दारात टिपाडं, म्हणजे तेलाचे रिकामे मोठे पिंप, पाण्यानं भरून ठेवलेले. दोन-चार दिवस गेले की त्या पाण्यात डासांच्या अळ्या वळवळायला लागत. बायका पदरानं पाणी गाळून घेत आणि दैवाला दोन शिव्या देऊन स्वयंपाकाला लागत. एके दिवशी नाना गावातल्या मुक्ताबाईंच्या टिपाडात बराच वेळ पाहत उभे राहिले, आणि मग त्यांच्याच घरातून चहाची गाळणी मागून घेतली. त्या दिवशी पाचही मासे ताटावर बसलेल्या वऱ्हाडासारखे जेवले.

पण अळ्या सहाव्या-सातव्या दिवशी मिळत पोत्यानं, आणि टँकर येऊन टिपाडं भरली की एकही नाही. जिवंत साठवाव्यात तर दोन दिवसांत त्यांचे डास होत. हा प्रयोग नानांनी माझ्या खोलीत, झाकण नसलेल्या भगुल्यात केला होता. माझं तोंड कसं सुजलं होतं ते सांगत नाही. तेव्हा मग साचे निघाले. गाळणीतल्या अळ्या दोनदा धुवायच्या, साच्यात भरायच्या, वर थोडंसं पाणी, आणि कप्प्यात. गोठलं ते टिकलं.

पहिल्या दिवशी त्यांनी बर्फाचा अख्खा तुकडा टाकीत सोडला. मासे तो चाटायला गेले आणि गारठून कोपऱ्यात जाऊन बसले. दुसऱ्या दिवसापासून नानांची रीत ठरली. सुरीनं कुल्फीची पातळ चकती काढायची, उरलेली लगेच आत. चकती बशीत वितळू द्यायची, गाळणीत ओतून ते पाणी टाकून द्यायचं, आणि मग अळ्या चिमटीचिमटीनं सोडायच्या. सोडण्याआधी बशीवर चमचा तीनदा वाजवायचा. "या बे सोमवार, या! शुक्रवार, तू कावून मागं राह्यलास?" चमचा वाजला की पाचही मासे काचेला येऊन लागत. खाऊन झाल्यावर तळाशी काही राहिलं तर तेही ते नळीनं ओढून काढत, कारण उरलेलं कुजतं आणि पाणी गढूळ होतं. हे मी त्यांना बी.एस्सी.च्या जोरावर सांगायला गेले, तर म्हणाले, "गव्हाणीत शेण ठेवतं का कुणी?"

जिल्हाभर तेव्हा जनावरांच्या चारा छावण्या लागल्या होत्या. दुधाच्या टेंपोचा ड्रायव्हर आमच्या टाकीला माशांची छावणी म्हणायला लागला आणि तेच नाव पडलं. चेअरमनसाहेबांना मात्र त्यात गंमत वाटेना. माणूस तसा दिलदार, पण निवडणुका लढवलेला. काळजी लोकांच्या तोंडाची. एक दिवस खुर्चीत बसता बसता म्हणाले, "अहो नाना, सगळं गाव टँकरमागं पळायलंय अन् माझ्या पाठीमागं मासे पोहायलेत. लोक काय म्हणतील मला?"

"माझ्या वाट्याच्या पाण्यात पोहायलेत, साहेब."

ते खरं होतं. प्रत्येक कर्मचाऱ्याला हातपाय धुवायला रोज एक बादली मिळायची. नाना आपली बादली टाकीत घालत. टाकीतून काढलेल्या जुन्या पाण्यात स्वतः आंघोळ करत, आणि ते वाहून जाणारं पाणी आवारातल्या कढीपत्त्याला मिळेल असा चर त्यांनी काढला होता. त्या उन्हाळ्यात आख्ख्या रस्त्यावर हिरवं असं तेवढंच एक झाड होतं. नानांच्या अंगाला थोडा माशांचा वास यायचा, हेही लिहिते, कारण तेही खरं आहे. चेअरमनसाहेबांनी झाडाकडे पाहिलं, नानांकडे पाहिलं आणि एवढंच म्हणाले, "पाहुणे आले की टाकीवर चादर टाकत जा."

गावातल्या बायकांनी सुरुवातीला नानांची यथेच्छ चेष्टा केली. "ह्यो माणूस आमच्या पाण्यातलं किडं मोजायलाय का?" मग हिवतापाचा कर्मचारी टिपाडं तपासायला आला. दरवर्षीप्रमाणे त्यानं सांगितलं, "आठवड्यातून एक कोरडा दिवस पाळा, टिपाडं रिकामी करून घासा." मुक्ताबाई म्हणाल्या, "बाबा, आमचे सगळेच दिस कोरडे हाईत. त्यातला कोणता पाळू?" तो बॅटरीचा उजेड पाडून एकेका टिपाडात बघत आळीच्या टोकापर्यंत गेला आणि त्याला अळी काही सापडेना. कोणतं औषध टाकता, असं त्यानं विचारलं. "औषध न्हाई," मुक्ताबाई म्हणाल्या, "आमचे नाना हाईत." त्यानंतर नानांना कुणी हसलं नाही. उलट गाळणी घेऊन ते निघाले की हाका यायच्या, "नाना, आमचं दार राह्यलं हो!"

आता वाईट भाग सांगते. जूनही कोरडा गेला. दूध इतकं घटलं की संघानं संध्याकाळचं संकलन बंद केलं आणि जनरेटर लावायचा नाही असा निरोप धाडला. नाना दोन दिवस बहिणीकडे लिंबागणेशला गेले होते. त्या दोन दिवसांत एकदा वीज गेली ती दुपारपासून दुसऱ्या सकाळपर्यंत आली नाही. फ्रीज उघडून बघावा हे मला सुचलं नाही. नाना आले तेव्हा मी सांगितलं, "काल फ्रीज बंद होता." त्यांनी कप्पा उघडला. वितळलेलं सगळं वीज आल्यावर पुन्हा गोठलं होतं. अकरा साचे. त्यांनी एक उघडून नाकाशी नेला.

नानांचं नाक म्हणजे आमच्या केंद्राची कसोटी. रात्रीचं कोमट झालेलं दूध बर्फ घालून थंड करायचं आणि सकाळच्या ताज्या दुधात मिसळून आणायचं, ही चलाखी उन्हाळ्यात बरेच जण करत. नाना कॅनचं झाकण उचलल्याबरोबर ओळखत. "एकदा कोमट झालं ते गेलं. मागनं कितीबी गार करा," असं म्हणून कॅन परत धाडत. चेअरमनसाहेबांच्या सख्ख्या भावाचाही परत धाडला होता.

त्या दिवशी त्याच माणसानं साचा नाकाशी धरला, बराच वेळ धरला, आणि म्हणाला, "वास लई न्हाई." अकरा साचे म्हणजे आळीतलं दार न् दार उन्हात फिरून जमवलेलं धान्य. दुष्काळाच्या साली नासलं म्हणून टाकून देण्याची सवय तिथं कुणाच्याच हाताला नव्हती. मला दिसत होतं, मला कळतही होतं, आणि मी गप्प बसले. मलाही ती सगळी दारं आठवत होती. संध्याकाळी त्यातलीच चकती टाकीत गेली.

तिसऱ्या दिवशी सकाळी मंगळवार आणि गुरुवार पाण्यावर तरंगत होते.

नानांनी दहा साचे काढले आणि माझ्यासमोर एकेक करून आवाराबाहेरच्या खड्ड्यात रिकामे केले. "जे दूध मी लोकांचं परत धाडतो, तेच ह्यांला पाजलं की मी," ते म्हणाले. मी त्यांना तसं कधी पाहिलं नव्हतं. माझ्या डोळ्यांत पाणी आलं आणि ते लपवायला मी उगाच फॅटच्या नळ्या धुवायला घेतल्या.

मिनूला आत्ताच कळवू नये, असं माझं मत पडलं. दिवाळीला अजून अवकाश होता. नानांनी मानच हलवली. "आमचा बाप लोकांची मेंढरं राखायचा. मेंढरू मेलं तर त्याचा कान कापून मालकाला न्हेऊन दावायचा. न्हाई तं मालक म्हणंल, इकलं. तुमी लिव्हा, मी सांगतो." त्यांनी सांगितलं ते मी लिहिलं. दोन मासे मेले. माझ्या चुकीनं मेले. एकदा वितळलेलं पुन्हा गोठवून घातलं. तीन हाईत, ते राखतो. पत्र पुरं झाल्यावर त्यांनी खिशातून कागदाची पुडी काढली. तीत दोन वाळलेले पंख होते, एकेका माशाचा एकेक. ते त्यांनी पत्राच्या तळाशी डिंकानं चिकटवले. अहो, नऊ-दहा वर्षांची पोर आहे ती, घाबरेल, म्हणून मी पुष्कळ डोकं आपटलं. पण पाकीट तसंच गेलं.

उत्तर पोस्टकार्डावर आलं. "नाना, पंख मिळाले. मी ते भूगोलाच्या वहीत ठेवले आहेत. बाकीच्या तिघांना सांभाळा. मी रडले ते बाबांना सांगू नका." ते कार्ड नानांनी मशीनच्या खोलीत प्रेशरच्या काट्याशेजारी चिकटवलं. रोज दुपारी वीज जायच्या आत नाना साचे गोणपाटात गुंडाळून, वीज नसतानाही गार राहणाऱ्या मशीनच्या बर्फाच्या टाकीत नेऊन ठेवत आणि वीज आली की परत आणत. एखादा साचा जरा जरी मऊ लागला तरी तो खड्ड्यात जाई. कोथिंबीर आणि चिंच कप्प्यातून कायमची हद्दपार झाली. मला अजून हसू येतं ते याचं की, ज्या माणसानं लग्नातलं वरण टाकलं नव्हतं, तो आता न चुकता काही ना काही टाकून देत होता.

पाऊस सप्टेंबरात आला, उशिरा पण भरपूर. दिवाळीच्या सुट्टीत जीप आवारात थांबली आणि मिनू उतरली ती धावत थेट टाकीकडे गेली. तिनं बोटानं मोजलं, तीन. नाना हात मागं बांधून उभे होते. मी त्यांना तेवढं घाबरलेलं वार्षिक तपासणीतही पाहिलं नव्हतं.

"नाना, हे केवढे झालेत!" ती म्हणाली. मग काचेवर टकटक केलं. मासे आले नाहीत. ती हिरमुसली. नानांनी बशी आणि चमचा तिच्या हातात दिला. चमचा तीनदा वाजला आणि सोमवार, बुधवार, शुक्रवार तिच्यासमोर येऊन उभे राहिले. तिनं चिमटीनं अळ्या सोडल्या. किळस वगैरे काही नाही. किळस सगळी माझ्याच वाट्याला आली होती.

साहेब म्हणाले, "मासे राहू द्या तुमच्याकडेच. आता ते तुमचेच." चेअरमनसाहेबही म्हणाले, राहू द्या. पाऊस पडल्यापासून त्यांनाही टाकी आवडायला लागली होती. मिनू नानांकडे बघायला लागली. तिचं काय म्हणणं आहे ते तोंडावर लिहिलेलं होतं, पण ती बोलेना. नाना म्हणाले, "न्हाई साहेब. राखायला दिलते. ज्याचं त्यानं न्यावं."

टाकी काही गेली नाही; तिकडे साहेबांनी नवी घेतली होती. मासे गेले दुधाच्या चाळीस लिटरच्या कॅनमधून, अर्धा कॅन पाणी, झाकणाखाली फडकं. सोबत लसीच्या बाटल्यांच्या थर्माकोलच्या पेटीत बर्फाच्या चुऱ्यात बसवलेल्या बारा कुल्फ्या. नाना जीपच्या दाराशी वाकून मिनूला समजावत होते. "चकती पातळ कापायची. बशीत इतळू द्यायची. चमचा वाजवायचा. अन् वाटंत मऊ पडल्या तर फेकायच्या. जीव हळहळला तरी फेकायच्या. परत गोठवायच्या न्हाईत."

"माहीत आहे," मिनू म्हणाली. "पंख आहेत ना माझ्याकडे."

जीप गेली. दोन-चार दिवसांनी नाना सवयीनं गाळणी घेऊन निघाले आणि फाटकातून परत आले. पण मुक्ताबाईंचीच हाक आली, तेव्हा पुन्हा गेले.

पुढं मी बदली होऊन बीडला आले, नाना निवृत्त होऊन गावी गेले. मिनूची एक-दोन पत्रं आली. मासे छान आहेत, चमचा वाजवल्याशिवाय येत नाहीत. मग तीही मोठी झाली असेल, पत्रं थांबली. माझ्या मनातला कुठलाही शहाणपणा तपासून बघायचा झाला की मला नानांचं नाक आठवतं. चूक झाली की आधी कान कापून दाखवायचा, ही गोष्ट मला कुठल्या पुस्तकानं शिकवली नाही.

नाना गेल्याचं मला उशिरा कळलं. त्यांच्या घरी भेटायला गेले तर त्यांच्या पत्नी, नानी, ओसरीवर बसल्या होत्या. सकाळपासून वीज नव्हती. बोलता बोलता त्या मला आत घेऊन गेल्या आणि छोट्या फ्रीजचा वरचा कप्पा उघडला. आत दोन साचे होते.

"दर महिन्याला जुनं फेकायचे अन् नवं भरायचे," नानी म्हणाल्या. "मी म्हणायची, कुठले मासे आता? तर म्हणायचे, पोरगी कवाबी यील मासे घेऊन. ती आली अन् त्यांला खायला नसलं तर?"

मी साचे हातात घेतले. मऊ होते. बाहेर नेऊन दोन्ही कढीपत्त्याच्या बुडाशी रिकामे केले. ते रोप नानांनी केंद्रावरूनच आणून लावलेलं होतं. धुतलेले साचे नानींच्या हातात दिले.

"टाकलं?"

"टाकलं, नानी. वितळलं होतं."

"बरं केलं. त्यांनीबी टाकलंच असतं."

नानींनी साचे कडेला ठेवले.  खुंटीवरची चहाची गाळणी काढली आणि दारातल्या टिपाडाचं झाकण बाजूला केलं.